थोरोची झोपडी आणि कॉलिन्सच्या फळ्या

गेल्या महिन्यात माळ्यावरची पुस्तके उन्हात घालताना दुर्गाबाई भागवतांनी केलेला 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद हाती आला. कॉलेजात असताना मी तो वाचला होता. वाचला म्हणजे काय, त्यातले एक चित्र तेवढे डोक्यात ठेवले होते : तळ्याकाठी एक माणूस आणि त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली झोपडी. पुढे शाळेत खडू झिजवताना ते चित्र सोबत होतेच. निवृत्त झाल्यावर २००९ साली गावच्या घरामागे, आगराच्या टोकाला, मीही दहा बाय बाराची एक खोली उभी केली. आमच्या सौ. तिला 'ह्यांचा मांगर' म्हणतात.

एकदा स्वतः बांधकाम केले की माणूस पुस्तकही वेगळे वाचतो. या वेळी माझे लक्ष विचारांपेक्षा सामानाकडे होते. कुठले लाकूड, कुठून आले, कितीला पडले?

हेन्री थोरो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावचा. मंडळी, हा गृहस्थ आमच्याच पेशातला! १८३७ मध्ये गावच्या शाळेत लागला, मुलांना छडी मारली पाहिजे असे वरून सांगण्यात आले, आणि दोनेक आठवड्यांत नोकरी सोडून मोकळा झाला. (मला हे जमले नसते. माझ्या छडीबद्दल माझे विद्यार्थीच सांगतील. असो.) मग तो आणि थोरला भाऊ जॉन यांनी मिळून शाळा चालवली. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याने बोट कापल्याचे निमित्त होऊन जॉनला धनुर्वात झाला आणि तो गेला. दोघा भावांनी पूर्वी होडीतून एक प्रवास केला होता, त्यावर हेन्रीला पुस्तक लिहायचे होते. तळ्याकाठी राहायला जाण्यामागे हे एक मोठे कारण होते. तो संन्यास नव्हता. गाव पायी जाण्याच्या अंतरावर होते आणि स्वारी अधूनमधून घरी जेवायलाही जात असे.

१८४५ च्या मार्चअखेर काम सुरू झाले. जमीन मित्राची, म्हणजे एमर्सनची. कुऱ्हाड उसनी, ती त्याने आणली होती त्याहून धारदार करून परत दिली म्हणे. आदल्याच वर्षी वडिलांचे घर बांधायला त्याने हात लावला होता, त्यामुळे सुतारकाम अगदी नवे नव्हते. पाइनची झाडे तोडून खांब-तुळया तासल्या. मे महिन्यात सांगाडा उभा करायला मित्र आले, ४ जुलैला तो राहायला गेला, आणि धुराडे व गिलावा थंडीच्या आत उरकला. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला जवळपास तेवढ्याच खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर पडते, हे तो मुद्दाम सांगतो.

हिशेब पाहण्यासारखा आहे. एक हजार जुन्या विटा ४ डॉलर. जुन्या दोन खिडक्या काचांसकट २ डॉलर ४३ सेंट. खिळे ३ डॉलर ९० सेंट. खडू एक सेंट! वाहतुकीचे १ डॉलर ४० सेंट, त्यातही बरेचसे सामान पाठीवर वाहिलेले. आणि सर्वांत मोठा आकडा फळ्यांचा, ८ डॉलर साडेतीन सेंट. त्यातल्या बहुतेक फळ्या दुसऱ्याच्या झोपडीच्या होत्या.

तो दुसरा म्हणजे जेम्स कॉलिन्स, फिचबर्ग रेल्वेवर काम करणारा आयरिश मजूर. थोरो झोपडी पाहायला गेला तेव्हा नवरा घरी नव्हता. बाईने दिवा घेऊन आतून सगळे दाखवले, वरच्या फळ्या चांगल्या, बाजूच्याही चांगल्या, असे सांगत. आत बिछाना, सोनेरी चौकटीचा आरसा, कॉफी दळायचे नवे यंत्र, आणि त्याच घरात जन्मलेले एक तान्हे मूल. सौदा ठरला : आज रात्री सव्वाचार डॉलर द्यायचे, उद्या पहाटे पाचला त्यांनी जागा सोडायची. सकाळी सहाला थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटले. सगळा संसार एका गाठोड्यात, कोंबड्यांसकट. मांजर तेवढे मागे राहिले, ते रानात गेले आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेले. थोरोने त्याच सकाळी झोपडी उतरवली, खिळे उपसले, फळ्या गाडीने तळ्याकाठी आणून गवतावर उन्हात पसरल्या. वाकलेल्या होत्या, त्या सरळ व्हायला.

मांजराचे काय झाले ते पुस्तकात आहे. कॉलिन्सचे पुढे काय झाले, ते नाही. कॉलेजात हे पान मी कसे काय ओलांडून गेलो?

थोरोच्या झोपडीचीही तीच गत झाली. ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने ती सोडली. ती एमर्सनकडे गेली, मग त्याच्या माळ्याकडे, १८४९ मध्ये एका शेतकऱ्याने आपल्या शेतावर नेऊन तिच्यात धान्य भरले. १८६८ मध्ये छप्पर निघाले ते डुकरांच्या गोठ्यावर चढले. मूळ जागी धुराड्याचा पाया तेवढा जमिनीखाली राहिला, तो रोलंड रॉबिन्सने १९४५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, खणून काढला.

आता माझ्या खोलीबद्दल. भिंती गवंड्याने रचल्या, मी चिरे उचलून दिले. वासे, कौले आणि दाराची चौकट मात्र जुनी, वरच्या वाडीतले एक घर मोडत होते तिथून घेतलेली. चौकट फणसाची, स्वस्तात मिळाली म्हणून मी खूश होतो. तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या, मुलांची उंची मोजलेली, प्रत्येक रेघेशी तारीख. त्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता, अक्षरावरून ओळखले मी. सुताराने विचारले, "गुरुजी, रंधा मारू ना?" मी म्हटले, "मार की." पॉलिश छान बसले.

घर विकून ती माणसे मुंबईकडे गेली एवढेच तेव्हा कानावर आले होते. सौदा त्यांच्या चुलत्याशी झाला, त्यामुळे त्यांची-माझी गाठही पडली नाही. आपल्या नातेवाईकांपैकी विरार-नालासोपाऱ्याकडे बरेच जण आहेत. वरच्या वाडीतले ते कुटुंब कोणाच्या माहितीत असेल तर मला जरूर कळवा. मुलगा आता चाळिशीच्या पुढे असेल. गणितात कच्चा होता, चित्रे फार सुंदर काढायचा.