वस्तऱ्याच्या पुळ्या व त्यांवरील लेप : अमेरिकन सैन्यातील एका उपचाराचा इतिहास

नित्य दाढी करण्याच्या सक्तीतून जे त्वचाविकार उद्भवतात, त्यांत वस्तऱ्याच्या पुळ्यांचा इतिहास विशेष लक्ष देण्याजोगा आहे. वैद्यक ह्या विकारास मिथ्या केशकूपदाह म्हणते. ‘मिथ्या’ अशासाठी की, येथे मूळ कारण जंतू नसून केसच असतो. कुरळ्या केसाचे मूळ त्वचेखाली वाकडे असते. वस्तऱ्याने तिरपा कापला गेलेला असा केस अणकुचीदार होतो, वाढता वाढता वळून पुन्हा कातडीत शिरतो, आणि शरीर त्यास काट्याप्रमाणे परकी वस्तू लेखून सुजते. फार खोल कापला गेलेला केस तर बाहेर न येता आतल्या आतच कूपाची भिंत भेदतो. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत ह्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ४५ ते ८३ टक्के आढळले आहे. फिलाडेल्फियाचे स्ट्रॉस व क्लिगमन ह्यांनी १९५६ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

खात्रीचा उपाय एकच, व तो बिनखर्चाचा : वस्तरा बाजूस ठेवणे. केस सुमारे एक सेंटिमीटर वाढला की त्याचे रुतलेले टोक आपोआप सुटते. परंतु सैन्यात हाच उपाय निषिद्ध होता. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा चेहऱ्यास घट्ट बसावा म्हणून गुळगुळीत हनुवटीस महत्त्व आले, आणि पुढे मुखवट्याची गरज नसतानाही शिस्तीचे चिन्ह म्हणून ते टिकले. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश दिला. वस्तऱ्याचा नियम मात्र सर्वांस सारखाच राहिला, आणि सारख्या नियमाचा जाच सारखा नव्हता.

साहजिकच हुकूम न मोडता त्वचा वाचविणाऱ्या लेपांचा शोध सुरू झाला. बेरियम सल्फाइडाची पूड पाण्यात कालवून लावली असता केस विरघळतो व त्याचे टोक बोथट राहते. (भारतीय वैद्यकातील हरताळ व शंखभस्म ह्यांचा लोमशातन लेप ह्याच जातीचा होय.) तथापि त्याचा दुर्गंध असह्य, आणि अंमळ अधिक वेळ ठेवल्यास कातडी भाजते. क्लिगमन व मिल्स ह्यांनी १९७३ साली ह्या विकारावर ट्रेटिनॉइनचा, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या आम्लाचा, लेप सुचविला. कूपाच्या मुखाशी साचणारा शृंगी थर तो सैल करतो. सौम्य विकारात त्याचा गुण येतो. मुरलेल्या विकारात फारसा नाही, आणि आरंभी आग होते ती वेगळीच.

ह्या औषधाच्या पूर्वेतिहासाकडे डोळेझाक करता येत नाही. क्लिगमन ह्यांचे त्वचाविषयक प्रयोग १९५१ ते १९७४ ह्या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील बंद्यांवर चालत, आणि त्या बंद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ साली व नगरशासनाने २०२२ साली त्याबद्दल क्षमा मागितली.

अलेक्झांडर व डेल्फ ह्यांनी १९७४ साली सैन्यातील ह्या विकारास वैद्यकीय, प्रशासकीय व सामाजिक अशी तिहेरी समस्या म्हटले, ते यथार्थ वाटते. अमेरिकन नौदलाने १९७० साली दाढीस मुभा दिली, ती १९८४ अखेर काढून घेतली. सैन्याबाहेरही, एका खाद्यविक्रेत्या कंपनीच्या दाढीबंदीविषयी १९९३ साली अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, ह्या विकारामुळे दाढी करू न शकणाऱ्या कृष्णवर्णीयांवर त्या बंदीचा विषम भार पडतो.

पुढे लेझर किरणांनी केसांचे मूळच जाळण्याची पद्धत आली. गडद त्वचेस १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण त्यातल्या त्यात सुरक्षित ठरला. सैनिकास दाढी न करण्याची सूट वैद्याच्या चिठ्ठीवर मिळत आली होती. २०२५ साली संरक्षण खात्याने आदेश काढला की, एक वर्षाहून अधिक उपचार होऊनही ज्यास अशी सूट लागते, त्यास सेवेतून कमी करण्याचा विचार व्हावा.