फासा कुणाच्या हातात?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जुईनगर स्थानकात उभं राहिलं की एक गंमत दिसते. शिरवणे गावातले, एमआयडीसीतून सुटलेले, नेरूळला घर असलेले असे सगळे लोक फलाटावर असतात आणि बहुतेकांच्या माना खाली असतात. कुणी बॅटलग्राउंड्समध्ये बंदूक घेऊन धावत असतो, कुणी रंगीत गोळ्या फोडत असतो, एखादा क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात अडकलेला. परवा मात्र दोन मुलगे एकाच मोबाइलवर वाकून बसलेले दिसले. आळीपाळीने बोट टेकवत होते आणि भांडत होते. पडद्यावर लाल, हिरवं, पिवळं आणि निळं अशी चार घरं होती. ल्युडो!

सध्या लोक कोणते व्हिडिओ गेम खेळतात, असं विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर हाणामारीचे परदेशी खेळ येतात. तेही खेळले जातातच. पण आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी उचललेला खेळ हा आहे, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं रूप, म्हणजे ‘ल्युडो किंग’, आपल्या नवी मुंबईतच तयार झालं. मूळचे पाटण्याचे विकास जयस्वाल यांच्या गेमेशन या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. १० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतला गेलेला हा पहिला भारतीय गेम. पुढे त्याने ५० कोटींचा टप्पाही ओलांडला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकेकाळी औषधं आणि रसायनं बनत. आता तिथून खेळही निघतात, याची नोंद आपण फारशी घेतलेली नाही.

अर्थात खेळ नवा नाही. हा आपला सारीपाट. कापडी पट, चार फाटे, प्रत्येक फाट्यावर आठाच्या तीन रांगा म्हणजे चोवीस घरं, आणि सोळा सोंगट्या. सहा कवड्या मुठीत खुळखुळवून टाकायच्या. त्यांतल्या मोठ्या दानाचे पंचवीस, म्हणून उत्तरेकडे तो पचिसी झाला. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या राजवाड्यात फरसबंदीवरच हा पट आखलेला आहे. इंग्रजांनी कवड्या काढल्या, सहा बाजूंचा ठोकळा आणला, घरं कमी केली आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘ल्युडो’ या नावाने त्याचं पेटंट घेतलं. मग तोच पुठ्ठ्यावर छापून पुन्हा आपल्याकडे आला. पाठीमागे बहुतेक वेळा सापशिडी.

मराठी माणसाच्या बोलण्यातून मात्र जुना पट कधी उठलाच नाही. मनासारखं दान पडलं, फासे उलटे पडले, डाव साधला, हे आपण रोज म्हणतो. पळून जाणारा ‘पोबारा’ करतो, तोही याच पटावरून. आगरी-कोळी समाजात ज्याची मोठी भक्ती आहे त्या जेजुरीच्या खंडोबाची कथा पाहा. देव म्हाळसेबरोबर सारीपाट खेळायला बसतो, हरतो, आणि बोलीप्रमाणे घर सोडून बानूच्या वाड्यावर धनगराचा चाकर होतो. (देवाने मुद्दामच डाव हरला, असंही सांगणारे आहेत.) लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याचा प्रसंग आहे. हरपाळदेव द्यूतात हरतात, देणं फेडायला पत्नीकडे दागिने मागतात, ती नकार देते आणि त्यांचं मन संसारातून उडतं. म्हणजे तेराव्या शतकातल्या माणसांना हे ठाऊक होतं की पटावरचा डाव पटावर थांबत नाही, तो घरातल्या डब्यापर्यंत जातो.

तरीही त्या खेळात एक गोष्ट सर्वांच्या नजरेसमोर होती, ती म्हणजे कवडी. कवडी काही मोजून-मापून घडवलेली नसते. एखादी जास्त वेळा पालथी पडते, एखादी उताणी. पण चौघेही त्याच कवड्या टाकत. नशिबावर संशय आला तर कवडी उचलून बघता येई, बदलून घ्या म्हणता येई. शकुनीच्या फाशांचा राग आपल्याला अजून येतो, कारण तिथे पांडवांनी फासे बदलून मागितलेच नाहीत.

या कवडीवरूनच शिरवण्याच्या इतिहासाकडे वळावं लागतं, कारण ‘कवडीमोल’ हा शब्द या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या भावासाठी वापरला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि खाडीच्या या बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहू लागला. १९७० मध्ये सिडको आली. भातशेतीची आणि मिठागरांची जमीन गेली, गावठाणं राहिली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं. गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. हा सगळा इतिहास खेळाच्या गप्पांत कशासाठी, असं कुणी म्हणेल. पण खेळायला आधी जागा लागते. भात कापून झाल्यावर जे शेत मुलांचं मैदान होई, तेच गेलं. गावठाणात घरावर घर चढलं आणि पट मांडण्याच्या ओट्यांनीही अंग चोरलं.

मग खेळ खोलीत शिरला. जगात व्हिडिओ गेमचा धंदा १९७२ मधल्या अटारीच्या ‘पाँग’पासून सुरू झाला. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ चा, ‘पॅकमॅन’ १९८० चा. आपल्याकडे ही यंत्रं व्हिडिओ पार्लरमध्ये आली, नाणं किंवा टोकन टाकून खेळायची. पालकांना पार्लर कधीच आवडलं नाही, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. कौशल्याच्या खेळाच्या नावाखाली जुगाराची यंत्रं चालवल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षं येत राहिल्या. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना मोकळीक आहे. त्या एका फटीतून बरंच काही आत आलं.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा डबा आला. जपानच्या निन्टेन्डोची ती नक्कल, पण आपल्या पिढीला अस्सल वाटायची. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे खेळ आपण असेच शिकलो. एका कॅसेटमध्ये ९९९९ खेळ असल्याचं वर छापलेलं असे आणि आत फिरून फिरून तेच पाच-दहा निघत. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, पाठोपाठ ती पुढे सरकली, नवी वस्ती वाढली आणि सायबर कॅफे उघडले. तिथे तासावर ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’. गावातला आणि सेक्टरमधला मुलगा एका ओळीत बसून खेळला तो इथे, असं मला वाटतं. शाळा वेगळ्या असतील, पण कॅफेतल्या खुर्च्या एकच होत्या. पार्लर काय, कॅफे काय, मालक समोर बसलेला असे. वेळ संपली की तो सांगे, उठा.

मोबाइलने तो मालकच दिसेनासा केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. ल्युडो किंगही त्याच वर्षीचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं, आणि घराघरांत लोक एकीकडे ते पाहत व दुसरीकडे ल्युडो खेळत. ऐरोलीची बहीण, पनवेलचा भाऊ, गावचे काका आणि आपण असे चौघे एका पटावर बसलो. सोंगटी मारली की फोनवरून ओरडलो. त्या दिवसांत या खेळाने जो आधार दिला, त्याला मी तरी टाइमपास म्हणणार नाही. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पब्जीवर बंदी आली. पोरं हळहळली, आईबापांनी सुस्कारा सोडला. पण २०२१ मध्ये तो खेळ नाव बदलून परतलाच.

खरा पेच निर्माण झाला तो पैसे लावून खेळायच्या ल्युडोमुळे. वेगवेगळ्या कंपन्यांची अशी अ‍ॅप्स आली. पाच-दहा रुपयांपासून डाव, समोर कोण बसलंय ते ठाऊक नाही, आणि फासा टाकणार यंत्र. हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता जरा हिशेब पाहू. ठोकळ्याला सहा बाजू, म्हणून सोंगटी बाहेर काढणारा सहा पडायची शक्यता दर वेळी सहातून एक. दहा वेळा टाकूनही सहा न पडणं हे शंभरातून सुमारे सोळा वेळा होणारच. म्हणजे वैतागण्यासारखं काही झालं तरी त्यात लबाडी असेलच असं नाही. पण पडद्यावरचा फासा हा फासा नसतोच. आत एक आज्ञावली आकडा ठरवते आणि आपल्याला ठोकळा गडगडल्याचं चित्र दाखवते. फुकटच्या खेळात त्याने काही बिघडत नाही, फार तर जाहिरात पाहावी लागते. पैसा लागला की मात्र प्रश्न येतो. ही कवडी उचलून बघायची कुणी?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा जुना वादच त्याने बाजूला ठेवला. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद, ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन. मुंबईच्या ड्रीम११ सह अनेक कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. काहींना हा कायदा कठोर वाटतो, या धंद्यातल्या नोकऱ्या गेल्या हेही खरं. तरी हरपाळदेवांची गोष्ट वाचलेल्या माणसाला त्यामागचं कारण समजावून सांगावं लागू नये.

जुईनगरच्या त्या दोन मुलांनी इंटरनेट बंदच ठेवलं होतं. एका फोनवर आळीपाळीने खेळायची सोय या गेममध्ये आहे, तीच ते वापरत होते. एकाला सलग तिसऱ्यांदा सहा पडला, तर दुसरा म्हणाला, “तू बोट जोरात दाबतोस म्हणून पडतो. आण इकडे, तुझं पण मीच टाकतो.” पहिला काही फोन सोडेना. तेवढ्यात लोकल आली. दोघे धावत चढले, दाराशी उभे राहिले, आणि सानपाडा येईपर्यंत त्यांचा वाद चालूच होता.