गहाण सोडवण्याच्या हक्काची कुळकथा

बोईसरला लागून असलेल्या सरावलीत तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या पगाराच्या भरवशावर घेतलेली घरे आहेत. ठेकेदाराने कामावरून कमी केले, कंपनी बंद पडली, की पहिला फटका घराच्या हप्त्याला बसतो. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खाते 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक, ठरते आणि मागणी नोटीस दारात येते. त्या वेळी घरातला प्रत्येक जण एकच विचारतो: बँकेने लिलावात पडेल भावाने फुंकण्याआधी घर आपणच विकून मोकळे होता येईल का?

या प्रश्नाचे मूळ बँकांहून जुने आहे. मराठी मुलखात सावकार 'गहाण-लहाण' अटीने कागद लिहून घेत. मुदतीत पैसे फिटले नाहीत, तर गहाणखत आपोआप खरेदीखत व्हायचे. शंभराचे कर्ज आणि पाचशेची जमीन असली, तरी मुदत टळली की जमीन गेली. 1864 साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रामजी विरुद्ध चिंतो' या खटल्यात या अटीला वेसण घातली: कागद मुळात गहाणाचा असेल, तर मुदत उलटल्यावरही ऋणको पैसे देऊन मालमत्ता सोडवू शकतो. इंग्लंडच्या इक्विटी न्यायालयांनी सतराव्या शतकातच हा हक्क मान्य केला होता. सोडवण्याचा हक्क असा लांबतच गेला तर सावकाराने थांबायचे कुठवर, म्हणून तो हक्क संपवणारा हुकूम मागायची वाट त्यालाही मिळाली. 'फोरक्लोजर' जन्मले ते इथे. ऋणकोच्या हक्काला घातलेली ती सीमा होती, आणि ती न्यायालयाने आखायची होती.

तरी खेड्यातल्या कुणब्याला या निकालाचा उपयोग किती झाला? 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे गावोगाव रोख होता तो कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळले गेले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कागदावरच्या आकड्यामागे जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण कर्जदाराला हक्क असून भागत नाही, त्याचे म्हणणे ऐकणारे कोणीतरी लागते, हे सरकारला तेव्हा मान्य करावे लागले.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सोडवणुकीचा हक्क कलम 60 मध्ये लिहून ठेवला. न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता विकण्याची मुभा कलम 69 ने दिली, पण ती मुख्यतः मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा शहरांतल्या मालमत्तांपुरती आणि 'इंग्लिश मॉर्गेज' नावाच्या खास प्रकारापुरती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथल्या साध्या घरमालकाचे घर विकायचे, तर सावकाराला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावीच लागे.

ती पायरी 2002 साली काढली गेली. थकलेल्या कर्जांनी बँका बेजार होत्या, दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालत, आणि 1993 च्या कायद्याने आलेली कर्जवसुली न्यायाधिकरणेही तुंबली होती. नरसिंहम आणि अंध्यारुजिना समित्यांच्या शिफारशींवरून 'सरफेसी' कायदा झाला. कलम 13 मध्ये सरळ लिहिले आहे की कलम 69 मध्ये काहीही असले तरी बँक न्यायालयाविना वसुली करू शकते. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. शेतजमीन यातून वगळली. 2004 साली 'मर्डिया केमिकल्स' निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला. पण दाद मागण्याआधी 75 टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली आणि कर्जदाराच्या हरकतीचा विचार करून बँकेने कारणे कळवावीत असे बजावले. आज तसे उत्तर पंधरा दिवसांत देणे बँकेवर बंधनकारक आहे.

सोडवण्याचा हक्क मात्र आखडत आला. आधी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून घर वाचवता येई. 2016 च्या दुरुस्तीने ती हद्द लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधीच्या क्षणावर आणली, आणि 2023 मध्ये 'सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स' या नवी मुंबईतल्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने तीच हद्द पक्की केली. वर्तमानपत्रात जाहिरात आली की हक्काने सोडवणे संपले. 1864 मध्ये उघडलेले दार इतके अरुंद झाले, याचे मला दुःख वाटते.

अमेरिकेत 2008 च्या सुमारास घरांचे भाव कोसळले, तेव्हा कर्जापेक्षा कमी किमतीला घर विकायला बँकेची संमती मिळवणारी 'शॉर्ट सेल' ही वाट फार वापरली गेली. आपल्याकडे त्या नावाचा कायदा नाही, पण तिचे तुकडे सापडतात. मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. म्हणजे संमती मिळाली तर विकता येते. सरफेसी कायद्याखालच्या नियमावलीत नियम 8 मध्ये खासगी वाटाघाटीने विक्रीची सोय आहे. राखीव किमतीच्या वर बोली आलीच नाही, तर त्या भावाने विकायला नियम 9 प्रमाणे कर्जदाराची संमती लागते. ही सही घाईने देऊ नये. विक्रीनंतर उरलेली बाकी बँक न्यायाधिकरणात मागू शकते, म्हणून एकरकमी तडजोडीच्या पत्रात 'उर्वरित रक्कम सोडून दिली' हे शब्द हवेत. रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये अशा तडजोडींसाठी चौकट घालून दिली आहे.

वकील लागतो तो इथे, आणि साठ दिवसांच्या आत. बँकेने ताबा घेतल्यावर न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. साधा दिवाणी दावा या कामी चालत नाही. सरावलीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये मोफत वकिलाला पात्र असलेल्यांची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत आणि औद्योगिक कामगारही आहेत, आणि ही मदत न्यायाधिकरणातल्या प्रकरणांनाही लागू आहे. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करता येतो. जाताना मागणी नोटीस, ती हाती पडल्याची तारीख दाखवणारा लिफाफा, कर्जखात्याचा उतारा आणि घर घ्यायला तयार असलेल्या माणसाचे लेखी पत्र बरोबर न्यावे.