पत अहवालातील अनोळखी चौकशी : अर्थ, कारणे आणि उपाय

दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या फरीदाबाद या औद्योगिक शहरात नोकरीनिमित्त अनेक राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. दुचाकी, मोबाईल किंवा फ्रिज हप्त्यांवर घेताना दुकानातील प्रतिनिधी कागदपत्रे घेतो, ओटीपी विचारतो आणि अर्ज पुढे पाठवतो. कालांतराने गृहकर्जासाठी पत अहवाल काढला असता त्यात कधीही न ऐकलेल्या वित्त कंपनीची चौकशी आढळू शकते. अशी नोंद म्हणजे कर्ज नव्हे. मात्र नावाचा गैरवापर होत असल्यास त्याची पहिली खूण अनेकदा हीच असते. त्यामुळे ती दुर्लक्षून चालत नाही.

चौकशी म्हणजे काय?

कर्ज किंवा क्रेडिट कार्डासाठी अर्ज आल्यावर बँक वा वित्त कंपनी अर्जदाराचा अहवाल पतमाहिती कंपनीकडून मागवते. ही मागणी 'हार्ड एन्क्वायरी' म्हणून अहवालात नोंदली जाते. संस्थेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम हा तपशील त्यात असतो. अल्पावधीत अशा अनेक नोंदी झाल्यास पत गुणांक घसरू शकतो. हा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान मोजला जातो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र तो कमी होत नाही.

देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. पतमाहिती कंपन्या (विनियमन) कायदा, २००५ नुसार त्यांचे कामकाज चालते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. ज्या कंपनीकडे चौकशी झाली तिच्याच अहवालात ती दिसत असल्याने चारही अहवाल पाहणे हिताचे ठरते.

अनोळखी नावाची कारणे

प्रत्येक अनोळखी नाव फसवणुकीचे नसते. दुकानातील हप्ता योजनेमागे किंवा मोबाईल ॲपमागे कर्ज देणारी संस्था वेगळीच असू शकते. कर्ज प्रतिनिधी एकच अर्ज अनेक संस्थांकडे पाठवतात आणि प्रत्येक संस्थेची स्वतंत्र नोंद होते. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन किंवा सहअर्जदार राहिल्यासही चौकशी होते. विलीनीकरणामुळेही संस्थेचे नाव बदलते. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, हे त्याचे ठळक उदाहरण होय. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची नोंद आपल्या अहवालात येण्याचीही शक्यता असते.

गैरवापराची शक्यताही खरी आहे. शेजारच्या गुरुग्राममध्ये जन्मलेले अभिनेते राजकुमार राव यांनी एप्रिल २०२२ मध्ये, आपल्या पॅन कार्डाचा गैरवापर करून २,५०० रुपयांचे कर्ज घेतले गेल्याची आणि त्यामुळे सिबिल गुणांकावर परिणाम झाल्याची तक्रार जाहीरपणे केली होती. रक्कम लहान असली तरी तिची थकबाकी मोठ्या कर्जाच्या आड येऊ शकते.

काय करावे?

प्रथम चौकशीच्या तारखेच्या आसपास आपण कोठे कागदपत्रे किंवा ओटीपी दिला होता का, हे तपासावे. खुलासा न झाल्यास संबंधित संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र पाठवावे. अर्जाची प्रत, संमतीचा पुरावा तसेच अर्जात दिलेला मोबाईल क्रमांक व पत्ता मागावा. अर्ज प्रलंबित असल्यास तो थांबवण्याची विनंती करावी.

त्याच वेळी पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवावा. यासाठी शुल्क नसते. कंपनी संबंधित संस्थेकडे खातरजमा करून दुरुस्ती करते. तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली असून ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून या योजनेच्या कक्षेत आहेत.

फसवणुकीचा संशय असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा नजीकच्या सायबर पोलिस ठाण्यात तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. आपण स्वतः केलेल्या अर्जाची नोंद मात्र खरी असल्याने ती काढून टाकता येत नाही. पैसे घेऊन अशा नोंदी पुसून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे.

मोबाईल क्रमांक महत्त्वाचा

कर्जसंस्थेने अहवाल पाहिल्यावर ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेलद्वारे कळवणे आता पतमाहिती कंपन्यांवर बंधनकारक आहे. मात्र ही सूचना नोंदीत असलेल्या क्रमांकावरच जाते. रोजगारासाठी राज्य बदलताना सिमकार्ड बदलणाऱ्यांना ती मिळतच नाही. म्हणून नवा क्रमांक घेताच बँकेत आणि कर्ज खात्यांवर तो नोंदवून घ्यावा. सूचना वेळेवर मिळाली, तर नावावर कर्ज उभे राहण्यापूर्वीच ते रोखण्याची संधी मिळते.