व्हिटलमचा ड्रायव्हर आणि विम्याचा हप्ता

जून संपला की ऑस्ट्रेलियातल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: "मी एबीएनवर काम करतो, हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता टॅक्समधून वजा होतो का?" भारतात आई-बाबांनी ८०डीसाठी पावत्या जपून ठेवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. उत्तर: नाही. तुम्ही टॅक्सी चालवा, घरं रंगवा की स्वतःची कन्सल्टन्सी काढा, इथलं टॅक्स ऑफिस आरोग्य विमा हा खासगी खर्च मानतं. पण एकेकाळी हा हप्ता चक्क वजा होत होता. तो का बंद झाला, ते बघू.

आधी थोडं मागे जाऊ. भिशी माहीत आहे ना? सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे. १९व्या शतकात इथे आलेल्या ब्रिटिश कामगारांनी आजारपणासाठी असंच काहीसं चालवलं, त्याला म्हणत फ्रेंडली सोसायटी. मँचेस्टर युनिटीची मेलबर्नमधली शाखा १८४० सालची. सभासद ठरावीक वर्गणी भरत. त्यातून डॉक्टर, औषधं, आजारपणात हातखर्चाला काही रक्कम आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च मिळे. डॉक्टर सोसायटीच नेमायची आणि त्याला माणशी पैसे द्यायची, सभासद आजारी पडो वा न पडो. डॉक्टरांना अर्थातच हे फारसं रुचत नव्हतं. १९१८ साली व्हिक्टोरियातल्या डॉक्टरांनी या करारांचे राजीनामे देऊन सोसायट्यांशी उघड भांडण काढलं.

ही आपुलकी सगळ्यांसाठी नव्हती, हेही सांगायला हवं. १८७१ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन नेटिव्ह्ज असोसिएशनमध्ये इथे जन्मलेल्यांनाच प्रवेश होता, आणि 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरणाची ती खंदी समर्थक होती. त्याच काळात गावोगाव पाठीवर गाठोडं घेऊन कापड विकणारे भारतीय फेरीवाले, बहुतेक पंजाबकडचे, इथे होते. आजच्या भाषेत सोल ट्रेडर. त्यांना या संघटनेत जागा नव्हती. (हीच संघटना १९९३ साली मँचेस्टर युनिटीत विलीन होऊन ऑस्ट्रेलियन युनिटी झाली, आणि ती आज आरोग्य विमा विकते.)

१९५३च्या नॅशनल हेल्थ अ‍ॅक्टने चित्र पालटलं. आरोग्यमंत्री अर्ल पेज स्वतः सर्जन होते. त्यांची योजना अशी: लोकांनी स्वेच्छेने नोंदणीकृत फंडात विमा काढायचा, सरकार वरून मदत करेल. आणि हप्ता करपात्र उत्पन्नातून वजा होईल. ऐकायला छान वाटतं ना?

आता जरा हिशोब करा. समजा हप्ता १०० डॉलर आहे. ज्याच्या वरच्या उत्पन्नावर ६० टक्के कर लागतो, त्याचे वजावटीमुळे ६० वाचतात, म्हणजे खिशातून गेले ४०. ज्याला २० टक्के लागतो त्याचे गेले ८०. फंड तोच, हप्ता तोच, पण गरिबाला दुप्पट महाग. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, पण गणित असंच चालतं. १९७२च्या निवडणूक प्रचारात विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलम यांनी नेमका हाच मुद्दा पकडला: सिडनीत माझी सरकारी गाडी चालवणारा माणूस याच विम्यासाठी माझ्या दुप्पट पैसे भरतो, आणि तेही माझं उत्पन्न त्याच्या चार-पाच पट आहे म्हणूनच! माझ्या मते करावरच्या भाषणांत इतकं थेट उदाहरण क्वचितच सापडतं.

त्यांची मेडिबँक योजना सिनेटने अडवली. १९७४ साली दोन्ही सभागृहं बरखास्त झाली, पुन्हा निवडणूक झाली, आणि ऑगस्टमध्ये या देशाच्या इतिहासातल्या एकमेव संयुक्त अधिवेशनात विधेयकं मंजूर झाली. १ जुलै १९७५ला मेडिबँक सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने अशा वजावटींच्या जागी सर्वांना एकाच दराचा रिबेट आणला. पुढे फ्रेझर सरकारने मेडिबँक मोडीत काढली, आणि १ फेब्रुवारी १९८४ला हॉक सरकारने मेडिकेअर आणली. तिची लेव्ही तेव्हा १ टक्का होती, आता २ टक्के. १९९९ साली खासगी विम्यावर ३० टक्के रिबेट आला, आणि २०१२पासून उत्पन्न वाढेल तसा तो कमी होतो. म्हणजे व्हिटलमच्या ड्रायव्हरचं गणित आता बरोबर उलटं झालंय.

तरी एबीएनवाल्याची अडचण उरतेच. त्याला पगारी आजारपणाची रजा नाही, आणि कामावर दुखापत झाली तर वर्कर्स कॉम्पचं संरक्षण सहसा नाही. मग वजावट कशाची मिळते? सुपरच्या बाहेर घेतलेल्या इन्कम प्रोटेक्शन विम्याच्या हप्त्याची, कारण तो बुडालेली कमाई भरून देतो. मिळालेल्या पैशांवर मात्र कर लागतो.

आणि तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर असाल, मेडिकेअर तुम्हाला लागू नसेल, तर लेव्हीतून सूट मागता येते. त्यासाठी 'मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट' लागतं. ते रिटर्न भरण्याआधी हातात असावं लागतं, तेव्हा अर्ज आत्ताच टाकून ठेवा.