वेदी आणि नोंदवही

दिनांक 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी जोडप्यांच्या विवाहाविषयी निकाल दिला. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा पुष्कळ झाली. धर्मग्रामांतील कुटुंबांत मात्र ती दबक्या आवाजात झाली, किंवा झालीच नाही. एका गोष्टीकडे मात्र दोन्हीकडे दुर्लक्ष झाले. ही माणसे न्यायालयात विवाहसंस्था मोडावयास गेली नव्हती. त्या संस्थेत आपणांस जागा मिळावी म्हणून गेली होती. त्यांच्यापैकी काही जण तर स्वतःस उघडपणे परंपरावादी म्हणवितात. ही विसंगती वाटेल. पण आम्ही कोल्हापूरची माणसे. आम्हांस ती परकी वाटण्याचे कारण नाही.

राजर्षी शाहू महाराजांचे वेदोक्त प्रकरण येथे शाळकरी मुलासही ठाऊक असते. 1899 साली पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी आपणांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, हे महाराजांच्या ध्यानात आणून देण्यात आले आणि पुढे अवघा महाराष्ट्र ढवळून निघाला. या वादात महाराजांनी वेदमंत्र झुगारून दिले नाहीत. ते आपल्यासाठीही म्हटले जावेत, असा आग्रह धरला. 1920 साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापून सदाशिवराव बेनाडीकर यांना त्यावर बसविले, तेही याच वृत्तीतून. ज्या घरात आपणांस ओसरीवर बसविले जाते त्या घराच्या देवघरापर्यंत जाण्याचा हक्क मागणे, ही परंपरेवरील निष्ठेचीच एक तऱ्हा आहे. अशी मागणी करणाऱ्यास दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात. सनातनी त्याला बंडखोर म्हणतात आणि बंडखोर त्याला सनातनी म्हणतात.

याच महाराजांनी 1917 ते 1919 या अवघ्या तीन वर्षांत विवाहाच्या कायद्याला हात घातला. विधवांच्या पुनर्विवाहाची नोंदणी, आंतरजातीय विवाहास मान्यता, काडीमोडीचे नियम, स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध असे कायदे कोल्हापूर संस्थानात एकामागून एक झाले. नुसता कायदा करून ते थांबले नाहीत. कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या इंदूरच्या होळकर घराण्यात द्यावी, मराठा आणि धनगर या दोन समाजांत सोयरीक व्हावी, असे त्यांनी ठरविले. तो विवाह 1924 साली झाला. महाराज त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तले होते. संस्थानात राजाच्या सहीने कायदा होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र कायदेमंडळाचे दार ठोठवावे लागे. ती कहाणी अधिक बोधक आहे.

1860 नंतरच्या दशकात केशवचंद्र सेन यांच्या अनुयायी ब्राह्मो मंडळींपुढे एक विचित्र पेच उभा राहिला. मूर्तिपूजेचे विधी वगळून केलेला त्यांचा विवाह कायद्याने ग्राह्य धरला जाईल, याची शाश्वती नव्हती. उद्या मुलांच्या वारसाचे काय, असा साधा, घरगुती प्रश्न होता. ते संघटित झाले, त्यांनी सरकारकडे अर्ज केले. 1868 मध्ये सर हेन्री मेन यांनी विधेयक मांडले. देवेंद्रनाथ ठाकुरांचा आदि ब्राह्मो समाज विरोधात उभा राहिला, कारण ते स्वतःस हिंदूच समजत. अखेर 1872 चा तिसरा कायदा झाला, पण एका जाचक अटीवर: आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, यहुदी, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानीत नाही, असे वधूवरांनी लिहून द्यावयाचे. लग्न हवे तर धर्म नाकारा! (मुलीचे वय या कायद्याने किमान 14 ठरविले होते आणि त्यासाठी झटलेल्या केशवचंद्रांनीच 1878 मध्ये आपल्या कन्येचा विवाह ती 14 वर्षांची होण्यापूर्वी कुचबिहारच्या राजपुत्राशी लावून दिला. सुधारकांचे चरित्र नेहमी सरळ रेषेत जात नाही.)

ही अट काढावी म्हणून 1911 मध्ये भूपेंद्रनाथ बसूंनी प्रयत्न केला, तो फसला. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय विवाहास वैध ठरविणारे विधेयक आणले. शाहू महाराजांनी त्यास जाहीर पाठिंबा दिला, सनातन्यांनी सभा आणि पत्रकांचा गदारोळ केला, विधेयक बारगळले. 1923 मध्ये नागपूरचे नामांकित वकील हरिसिंग गौर यांनी अर्धे यश मिळविले. हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांत धर्म न नाकारता नोंदणी विवाह करता येऊ लागला, पण असा विवाह करणाऱ्या हिंदूचा एकत्र कुटुंबाशी संबंध कायद्याने तुटत असे. पटेलांनी मागितले होते ते 1949 मध्ये मिळाले. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे आमच्या संस्थानात जे होऊन गेले होते, ते देशात येण्यास सुमारे 30 वर्षे लागली. पुढे 1954 चा विशेष विवाह कायदा आला. कोणत्याही धर्माच्या स्त्रीपुरुषांस 30 दिवसांची नोटीस देऊन सरकारी अधिकाऱ्यासमोर विवाह करण्याची मुभा त्याने दिली.

आपण ख्रिस्ती लोक या इतिहासाचे केवळ प्रेक्षक नाही. आपला विवाह कायदाही 1872 चाच. विवाहाच्या दिवशी आम्हां धर्मगुरूंच्या समोर दोन वेगळ्या गोष्टी घडतात: वेदीसमोर संस्कार होतो आणि मग नोंदवहीत वधूवर व साक्षीदार सह्या करतात. पहिली गोष्ट देवाघरची, दुसरी कायद्याची. दोहोंत फरक आहे, हे आपण घटस्फोटाच्या कायद्याच्या वेळी चांगलेच शिकलो. 1869 च्या त्या कायद्यात ख्रिस्ती पत्नीला नवऱ्याचा केवळ व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली आणि 2001 मध्ये संसदेने कायदा सुधारला. ख्रिस्ती महिला आणि विविध ख्रिस्तमंडळे त्यासाठी वर्षानुवर्षे मंत्र्यांच्या व खासदारांच्या भेटी घेत होती. संस्काराने जोडलेला विवाह अभेद्य आहे, ही कॅथलिक शिकवण त्यामुळे तसूभरही हलली नाही.

आता समलिंगी जनांच्या प्रश्नाकडे वळू. 1860 च्या दंडसंहितेतील 377 व्या कलमाने त्यांचे सहजीवन गुन्ह्याच्या सावलीत होते. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक व 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टद्वारा मराठीतून हे काम केले. तेव्हा विवाहाचा विषय दूर होता. पोलिसांचा ससेमिरा चुकविणे, एड्सपासून जीव वाचविणे, एवढेच हाती होते. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. त्या वेळी मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, ख्रिस्तसभा समलिंगी विवाहाच्या विरोधात असली तरी या माणसांना गुन्हेगार ठरविणे तिला मान्य नाही, असे स्पष्ट सांगितले होते. आपल्यातील फार थोड्यांच्या ते स्मरणात आहे. 2015 मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडू पाहिले, तर ते मांडण्यासच सभागृहाने 71 विरुद्ध 24 मतांनी नकार दिला. अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी न्यायालयानेच परस्परसंमतीचे प्रौढ संबंध गुन्ह्यातून वगळले.

परंपरावादी समलिंगी ही तऱ्हा संघटितपणे अमेरिकेत दिसली. 1977-78 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रिपब्लिकन पक्षातील समलिंगी कार्यकर्ते एकत्र आले. त्यांतून उभी राहिलेली संघटना लिंकनच्या लाकडी झोपडीवरून ‘लॉग कॅबिन’ या नावाने ओळखली गेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनीही त्या प्रस्तावास विरोध केला. 1989 मध्ये अँड्र्यू सलिव्हन या कॅथलिक लेखकाने एका साप्ताहिकात मांडले की, स्थैर्य, निष्ठा आणि परस्परांची जबाबदारी ही जर परंपरेची मूल्ये असतील, तर समलिंगी जोडप्यांना विवाहाबाहेर ठेवणे हेच परंपरेच्या विरुद्ध आहे. गंमत अशी की, विवाह हेच जुने जोखड मानणारे अनेक समलिंगी कार्यकर्तेही त्याच्यावर तुटून पडले. शाहू महाराजांचीच गत!

विवाह नाही तर निदान ‘सिव्हिल युनियन’, म्हणजे विवाह हे नाव न देता वारसा, रुग्णालय, विमा इत्यादी हक्क देणारी सरकारी नोंद, ही मागणी त्यातूनच पुढे आली. अमेरिकेत 2000 साली व्हरमाँटने ती प्रथम मान्य केली. कोलोरॅडो राज्यात 2012 मध्ये रिपब्लिकन समलिंगी कार्यकर्ते स्वपक्षाच्याच आमदारांना भेटत राहिले. समित्यांत काही रिपब्लिकन मते अनुकूल पडली, पण सभापतींनी वेळ संपू दिली आणि विधेयक पडले. पुढच्या वर्षी, निवडणुकीत सभागृह बदलल्यावर, ते मंजूर झाले.

आपल्याकडे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांत अभिजित अय्यर मित्रा हे उजव्या विचारांचे म्हणून परिचित भाष्यकार होते. त्यांनी 1954 च्या धर्मनिरपेक्ष कायद्याऐवजी 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंद मागितली. 1872 मधील ब्राह्मोंना धर्म सोडून विवाह मिळाला. यांना धर्मात राहून हवा होता. सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी, आपला कायदा व संस्कार अशा विवाहास ओळखत नाहीत, असे उत्तर दिले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. जानेवारी 2023 मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी, अशी माणसे पूर्वापार आहेत, त्यांना समाजात त्यांचे स्थान असावे, असे सांगताना जरासंधाच्या हंस व डिंभक या सेनापतींचा दाखला दिला. मार्चमध्ये दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह स्त्रीपुरुषांचाच असतो, असे सांगून दार लावले. स्वीकाराचा शब्द द्यावयाचा, पण नोंदवही उघडावयाची नाही! ही अडचण एकट्या संघाची नाही, हे आपण मान्य करावे.

महाराष्ट्रातून या प्रश्नावर संसदेत विधेयक आणले ते बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी, 1 एप्रिल 2022 रोजी. 1954 च्या कायद्यात पती-पत्नी या शब्दांच्या जागी जोडीदार हा शब्द घालावा, दोघे पुरुष असल्यास वय 21 व दोघी स्त्रिया असल्यास 18 असावे, असा त्याचा आशय होता. खासगी विधेयक संसदेत मंजूर झाल्याचे शेवटचे उदाहरण 1970 चे आहे, यावरून त्याचे भवितव्य वाचकांनी ओळखावे. 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच ते गळाले. दरम्यान 2023 मध्ये केंद्राने राज्यांची मते मागविली, तेव्हा राजस्थान, आंध्र व आसाम यांनी विरोध नोंदविला. महाराष्ट्राने अधिक मुदत मागितली. शाहूंच्या राज्याला या विषयावर बोलावयास आणखी वेळ हवा होता.

निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही व कायदा बदलणे संसदेचे काम आहे, असे म्हटले. सिव्हिल युनियनवर मात्र पीठ दुभंगले: सरन्यायाधीश चंद्रचूड व न्या. कौल अनुकूल, इतर तिघे प्रतिकूल. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही येथे सौम्य करू इच्छित नाही. विवाह-संस्कार स्त्री व पुरुष यांचाच. 2003 मध्ये रोमने अशा नात्यांस कायद्याची मान्यता देण्यासही विरोध करणारे पत्रक काढले होते. तथापि 2010 मध्ये अर्जेंटिनात विवाहाचा कायदा येऊ घातला असताना तेथील कार्डिनल बेर्गोलिओ यांनी, विवाहास कडाडून विरोध करीत, महागुरूंच्या परिषदेत सिव्हिल युनियनचा पर्याय सुचविला होता; परिषदेने तो स्वीकारला नाही. तेच पुढे पोप फ्रान्सिस झाले. 2020 मध्ये एका माहितीपटातून त्यांचे तेच मत जगासमोर आले; डिसेंबर 2023 मध्ये विवाहविधीचे रूप न देता अशा जोडप्यांस साधा आशीर्वाद देण्याची मुभा त्यांनी धर्मगुरूंना दिली. वेदी त्यांनी हलविली नाही. नोंदवहीचा विचार तिच्यापासून वेगळा करता येतो, हे मात्र त्यांनी दाखविले. आम्हांसही तो वेगळाच करावा असे वाटते.

न्यायालयाच्या सूचनेनुसार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 2024 मध्ये काही परिपत्रके निघाली. अशा जोडप्यास शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब धरावे. बँकेत संयुक्त खाते उघडता यावे, परस्परांस नामनिर्देशित करता यावे. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले की, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याची सोय करावी. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्ती दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, म्हणून हे शेवटचे कलम आम्ही पुन्हा वाचले. ‘नातेवाईक उपलब्ध नसतील तर’. म्हणजे गावाहून एखादा दुरावलेला भाऊ आला, की वीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या, आजारपणात उशाशी बसलेल्या माणसाने दवाखान्याच्या दारात बाजूला व्हावयाचे.