अजिंठ्याचे रंग आणि पाहणारा डोळा

जळगांवच्या दक्षिणेस सुमारें ६० किलोमीटरांवर, खानदेशच्या सीमेलगत, वाघूर नदीच्या कांठीं अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तीं पाहून परतणाऱ्यांचें तेथील रंगांविषयीं पुष्कळदां एकमत होत नाहीं. एकास चित्रें मळकट वाटतात, दुसऱ्यास तेजस्वी. यांत खोटें कोणीच बोलत नाहीं. कारण भिंत, प्रकाश आणि डोळा या तिघांच्या मेळानें रंग जन्मास येतो.

टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०२ सालीं असा तर्क केला कीं, डोळ्यांत तीनच प्रकारचे रंगग्राही घटक असावेत व त्यांच्या कमीअधिक उत्तेजनानें सर्व रंग भासत असावेत. हा तर्क पुढें खरा ठरला. दृष्टिपटलावरील शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. परंतु त्यांना पुरेसा उजेड लागतो. अंधारांत दंडपेशींवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्यांना रंगांचा भेद कळत नाहीं. उजेड मावळूं लागला म्हणजे तांबडा रंग आधीं काळवंडतो, निळा मात्र बराच वेळ उजळ राहतो, असें पुर्किंजे या शास्त्रज्ञानें १८२५ सालीं नमूद केलें.

आतां अजिंठ्याच्या चित्रकारांची सामग्री पाहा. त्यांचें मुख्य भांडवल गेरू आणि पिंवळी माती. निळा रंग दूरच्या अफगाणिस्तानांतील लाजवर्द पाषाणाचा. म्हणजे अंधारांत जो रंग प्रथम हरपतो, तोच तांबडा तेथें विपुल आहे!

अशा अंधुक उजेडांत बसून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून अनेक वर्षें चित्रांच्या नकला केल्या. १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुनः नकला केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं लंडनांतच भस्म झाल्या. पुढें १९२० नंतर निजाम सरकारनें आणविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं चित्रांच्या रक्षणार्थ लाखेचें रोगण चढविलें. कालांतरानें तें पिंवळें पडलें, आणि मूळचे निळे-पांढरे रंग त्याखालीं झांकोळले. तें उतरविण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्यास करावे लागले.

म्हणूनच त्या जळालेल्या नकलांची हानि मोठी. हें रोगण चढण्यापूर्वीं शिक्षित डोळ्यांनीं ते रंग कसे पाहिले, याची साक्ष त्यांबरोबर गेली. उरल्या त्या मूळ भिंती. त्यांच्यापुढें बाहेरच्या उन्हांतून येऊन लगेच निकाल देऊं नये. आठ-दहा मिनिटें डोळ्यांस अंधाराची संवय होऊं द्यावी, आणि मग चित्रकाराविषयीं बोलावें.